काउकोने दुर्बीण बसवली

मी, हिल्का वाराला, कै. रेइनो वाराला यांची पत्नी, वय त्र्याहत्तर, राहणार हौकिवारा, तळ्याच्या उत्तर काठावरचे पिवळे घर, आज स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे मी म्हणत नाही, इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या: "बाकीचं सगळं गेलंय हो, पण डोकं लख्ख आहे." त्यांच्याच मते यंदाच्या नाताळचे जेवण मी जेवणार नाही. हे लिहिण्यासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही, धाक दाखवलेला नाही. मला धाक दाखवू शकेल असे या गावात एकच माणूस होते, माझी सासू, आणि ती केव्हाच गेली. याआधी केलेले मृत्युपत्र मी चुलीत घातले आहे. ते शोधण्यात कोणी वेळ घालवू नये.

कलम १. राहते घर, काठावरची सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, नावेचा धक्का आणि मागचे बर्चचे रान माझी भाची, म्हणजे माझ्या भावाची मुलगी नीना, हिला मिळावे. ती तांपेरे शहरात राहते आणि वर्षातून एकदा येते. तिने यापुढे दोनदा यावे अशी माझी इच्छा आहे, अट नाही. घर विकायचे झाल्यास विकावे. फक्त राखाडी रंगवू नये. हल्ली जो उठतो तो घर राखाडी रंगवतो आणि मग हिवाळ्यात सगळे उदासीच्या गोळ्या खातात.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातून माझ्या अंत्यविधीनंतरची कॉफी व्हावी. कॉफी पातळ करू नये. उरेल ते नीनाचे.

कलम ३. रेइनोच्या कोठारातली हत्यारे, करवती, रंधे, पटाशी, ज्याला हवी त्याने न्यावीत. ओस्मो सोडून. ओस्मो हा आमच्या शिकारटोळीचा प्रमुख आहे, माणूस वाईट नाही, पण रेइनो जिवंत असताना त्याने नेलेले भोके पाडायचे यंत्र परत आले तेव्हा त्याची किल्ली त्याच्याबरोबर आली नव्हती. मी पुष्कळ वाट पाहिली.

कलम ४. लोखंडी कपाटात माझ्या दोन बंदुका आहेत. त्यांतली हलकी नीनाने पोलिसांकडे देऊन मोडून टाकायला सांगावी. विकू नये, कोणाला भेट देऊ नये, आणि विशेषतः कोणत्याही बाईला देऊ नये.

ही बंदूक रेइनोने मला आमच्या लग्नाच्या दहाव्या वर्षी आणली. दुकानदार म्हणाला होता, बायकांच्या हाताला बेताची आहे. दस्ता बारीक, नळी आखूड, उचलली तर उचलल्यासारखी वाटत नाही. पहिल्याच गोळीला तिने माझा खांदा असा फोडला की आठवडाभर मी कॉफीचा कप डाव्या हाताने उचलत होते. बंदूक जितकी हलकी तितका तिचा धक्का मोठा, हे ज्याने एकदा चाप ओढला त्याला कळते. दुकानदाराला कळत होते. रेइनोलाही कळत होते. पण समोर बाई दिसली की पुरुषांना हलके काहीतरी हातात द्यावेसे वाटते. रेइनोवर माझा जीव होता, हे मी इथे लिहून ठेवते. या बाबतीत मात्र तो चारचौघांसारखाच मेंढरू होता. मला टोळीत घेतले तेव्हा ओस्मोच्या वडिलांनी सर्वांसमोर कारण सांगितले, "हिल्का सूप चांगलं करते." मी त्या वर्षी सूप केले. पुढच्या वर्षी मूस पाडला, म्हणजे आमच्याकडचे घोड्याएवढे रानहरीण, आणि तेही या हलकीने नव्हे.

कलम ५. दुसरी बंदूक जड आहे. अक्रोडाचा दस्ता, लांब नळी, वर दुर्बीण. रिकामी असतानाही खांदा ओढते. ती मी माझ्या पैशाने घेतली. ती ओस्मोची सून तेइया हिला मिळावी. तेइया कुत्रा घेऊन रान हाकते, म्हणजे आम्ही बाकीचे ठिय्यावर बसून असतो आणि ती कुत्र्यामागे चिखल तुडवत आमच्या दिशेने येत असते. टोळीत तिच्याइतके कोणी चालत नाही. तिला ओस्मोने काय दिले? हलकी. राखाडी प्लॅस्टिकच्या दस्त्याची. ओस्मोला प्लॅस्टिक फार आवडते, कारण ते पावसात फुगत नाही. खरे आहे. बादलीही फुगत नाही.

तेइयाने रीतसर परवाना काढून बंदूक न्यावी. ओस्मोने मध्ये बोलू नये. तेइया, ती खांद्याला नीट टेकव आणि तिची लय तिला धरू दे. जड बंदूक घाई करू देत नाही. मला इतक्या वर्षांत तिचा एवढाच उपयोग झाला, पण तो मोठा होता.

कलम ६. माझी विजेवरची गिटार, तिची पेटी आणि तिचा ॲम्प्लिफायर समोरच्या काठावर राहणारा काउको सोर्मुनेन याला मिळावा. याला एक अट आहे, ती खाली येईल.

काउको कोण हे गावाला सांगायला नको, पण नीनासाठी लिहिते. तो आणि मी शाळेत एका बाकावर होतो. नंतर उन्हाळ्याच्या नाचमंडपांवर आमची टोळी वाजवायची: रेइनोचा अकॉर्डियन, माझी गिटार आणि काउकोची दुसरी गिटार. ड्रम वाजवणारे येत-जात राहिले, ड्रमवाल्यांचे तसेच असते. उन्हाळ्यात टँगो, पानगळीत मूस. दोन्हीकडे तीच माणसे आणि तीच भांडणे.

काउकोची गिटार पातळ होती, आवाज कडक आणि पांढरा. माझी एका सबंध ओंडक्यातून काढल्यासारखी. एक सूर छेडावा, कॉफी ओतावी, तरी तो चालूच. काउको म्हणायचा, "हिल्का, ही गिटार आहे की दाराचं फळकूट? गळ्यात अडकवून तळ्यात उतरलीस तर सरळ तळाशी जाशील."

मी म्हणायचे, "आणि तुझी वाजायला लागली की लोक डास मारायला लागतात."

पुढे त्याने आपली गिटार विकून कुत्रा घेतला. तेव्हापासून दर वेळी माझे फळकूट "जरा बघतो" म्हणून मांडीवर घ्यायचा आणि मी मागितल्याशिवाय परत द्यायचा नाही. हे मला दिसत नव्हते असे त्याने समजू नये.

बंदुकीच्या बाबतीत तर विचारूच नका. काउकोच्या बंदुकीला दुर्बीण नव्हती. नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच, बस्स. "दुर्बिणीतून बघणारा रान बघत नाही, जनावराच्या अंगावरचं एक भोक बघतो." हे त्याचे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले की तो तोंड उघडायच्या आत बाकीचे म्हणून मोकळे व्हायचे. मला दुर्बीण लागते. त्यावरून त्याने मला उभा जन्म छळले. "काय गं, आज लागतंय का नीट, की छपरावर चढून अँटेना फिरवू?"

मागच्या पानगळीत याच काउकोने दुर्बीण बसवली. साधी नाही, दुकानात मिळते ती सर्वांत मोठ्या काचेची, आत लाल ठिपका पेटणारी. टोळी पोट धरधरून हसली. ओस्मो म्हणाला, "आला, काउकोबा आला माणसांत." काउकोही हसला. मला हसू आले नाही.

साठी उलटल्यावर माणूस बायको बदलेल, पक्ष बदलेल, देवसुद्धा बदलेल. बंदुकीची आणि गिटारची आवड बदलत नाही. शरीराने मानगूट धरल्याशिवाय नाही. हे मला कळते, कारण तेच माझे झाले. मी आयुष्यभर जाड तारा लावल्या, अकरा नंबरच्या. या मार्चमध्ये बोटे दाबेनाशी झाली म्हणून बारीक, नऊच्या लावल्या आणि कोणाला काही सांगितले नाही. टोळीच्या झोपडीत वाजवायला बसले. दोन सूर झाले असतील. काउकोने मान वर केली.

"तारा बदलल्यास?"

"हो."

"नऊच्या?"

"हो."

दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी फोडलेल्या लाकडांचा ढीग नीट रचून ठेवलेला होता. गावात माझ्या आजाराची बातमी नंतर मे महिन्यात फुटली.

त्याला माझे कळले तसे मला त्याचे कळले होते. आणि माझ्याकडे आणखी एक गोष्ट होती, जी टोळीत दुसऱ्या कोणाकडे नाही. त्याने दुर्बीण बसवायच्या आठवडाभर आधी मी त्याच्या शेजारच्या ठिय्यावर होते. समोरच्या उघड्या दलदलीत मुसाची मादी आणि तिचे पाडस आले. पाडस पुढे, मादी मागे. उजेड भरपूर. आमच्याकडे पोर चालायला लागायच्या आधी शिकते: आधी पाडस, मग मादी. पाडस गेले तर मादी जगते. मादी गेली तर पाडस हिवाळा काढत नाही. काउकोने मादी पाडली.

ओस्मो धावत आला. "अरे, पाडस समजलास की काय?"

"उन्हाची तिरीप आली डोळ्यांवर," काउको म्हणाला.

सगळ्यांनी मान्य केले. ऊन कोणाच्याही डोळ्यांवर येऊ शकते. फक्त मला माहीत होते की ऊन त्याच्या पाठीमागे होते. अंधार पडेपर्यंत आम्ही ते पाडस शोधले. नोव्हेंबरात त्याचे ठसे माझ्या सौनामागे दिसायचे, एकट्याचे. मग दिसेनासे झाले.

यानंतर त्याने गाडी विकली. म्हणाला, पेट्रोल परवडत नाही. या ऑगस्टमध्ये नेमबाजीच्या परीक्षेत तो पास झाला आणि ओस्मोने त्याची पाठ थोपटली. त्यात काय मोठे? लाकडी मूस रुळावरून धावतो, तो कुठून निघतो आणि कुठे थांबतो हे काउकोला रुळाच्या खडखडाटावरून पाठ आहे. रानातला मूस रुळावरून येत नाही. तेइयाही येत नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी हंगाम सुरू होतो. काउको ठिय्यावर बसणार आणि तेइया कुत्र्यामागे झाडीतून त्याच्या समोर येणार. हे जाणणारी मी एकटी, आणि मी चालले. ओस्मोला सांगितले तर एका कॉफीत गावभर होईल आणि काउको उरलेला जन्म 'ज्याची बंदूक काढून घेतली तो' म्हणून काढेल. झाकली मूठ सव्वा लाखाची असे सगळे म्हणतात. त्या मुठीत तेइयाचा जीव आहे.

म्हणून अट अशी: काउकोने आपली बंदूक हंगामापूर्वी पोलिसांच्या स्वाधीन करावी, तरच त्याला गिटार मिळावी. न केल्यास गिटार नीनाने विकावी आणि या कलमाची नक्कल ओस्मोला द्यावी.

कलम ७. काल इथपर्यंत लिहून मी स्वतःवर फार खूश होऊन झोपले. आज सकाळी यानिका आली. यानिका ही घरी येणारी परिचारिका, गोड मुलगी आहे, सुई मात्र खाटकासारखी टोचते. मी तिला सहज विचारले, "मृत्युपत्र वाचतात कधी गं?"

"आमची आजी गेली तेव्हा तीनेक महिने लागले. सगळ्या मालमत्तेची मोजदाद होते ना, तेव्हा." तिने माझ्याकडे बघितले. "का हो? घाई आहे कुणाला?"

आज सप्टेंबर अर्धा सरला. मी आज रात्री गेले तरी हे कागद उघडेपर्यंत हंगाम संपून बर्फ पडलेला असेल. आणि आज रात्री जाईनच अशी हमी कोण देणार? वरचे कलम मी अक्कल पाजळून लिहिले आणि ते कुचकामी आहे. मेलेल्या बाईच्या तोंडून हे काम होणार नाही, हे मला कळायला एक रात्र लागली. भित्रेपणा म्हणतात तो हाच. सांगायचे मला होते आणि पुढे करत होते कागद.

मी काउकोला फोन केला. तो वल्हवत आला, बरोबर राय धान्याच्या पिठात तळलेले मासे घेऊन. मी हल्ली ते खात नाही, तरी आणतो. मी कागद त्याच्यापुढे सरकवले.

"वाच."

"काय आहे?"

"माझं मृत्युपत्र. तुझं नाव आहे त्यात."

त्याने कागद उचलला, लांब धरला, मग बाजूला धरला, जवळजवळ कानाशी. "तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

"चांगल्या अक्षराचं बक्षीस मला मिळालं होतं. तू शेजारी बसून नाक ओढत होतास."

"चष्मा घरी राहिला."

"चष्मा तुझ्या नाकावर आहे, काउको."

त्याने कागद टेबलावर ठेवला, कडा नीट जुळवल्या. मग म्हणाला, "तू वाच."

मी सहावे कलम पहिल्यापासून वाचले. डासांच्या जागी तो हसला. पाडसाच्या जागी त्याने हाताचा पंजा टेबलावर पालथा ठेवला आणि तो तसाच राहू दिला. वाचून झाले तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. माझे डोके फिरले.

"निदान माझ्या तोंडाकडे तरी बघ. वर्षभर बघतेय मी, बोलतोस माझ्याशी आणि बघतोस खिडकीकडे. मरायला टेकलेल्या बाईचं तोंड बघवत नसेल तर तसं सांग एकदा."

"तुझंच तोंड बघतोय," तो म्हणाला. "मधलं गेलंय, हिल्का. कडेकडेचं राहिलंय तेवढं. तुझं तोंड बघायचं तर मला खिडकीकडे बघावं लागतं."

वर्षभर मी या माणसावर रुसले होते.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारले.

"सुया मारतात डोळ्यात. लवकर यायला हवं होतं म्हणाले."

"आणि तरी यंदा बसणार होतास?"

"मग काय करू? ऑक्टोबरात घरी बसून भिंतीशी बोलू? वर्षातले तेवढेच दिवस माणसं माझ्याशी बोलतात. बाकी वर्षभर तू होतीस. पुढच्या वर्षी तूही नसशील."

"तेइया तुझ्या समोरून येते."

"तिचं जाकीट नारिंगी असतं."

"नारिंगी दिसतं तुला?"

"कडेला दिसतं."

"आणि मध्ये आली तर?"

तो उठला, टोपी घातली आणि गेला. वल्ह्यांचा आवाज ऐकत मी बसून राहिले. मला वाटले, संपले. साठ वर्षांची मैत्री मी एका दुपारी मोडली, आणि तेइया होती तिथेच आहे. मी रडले. संध्याकाळी यानिका पुन्हा आली, तिला सांगितले की कांदा चिरला. घरात कांदा नव्हता.

कलम ८. तो दुसऱ्या दिवशी परत आला. खिशातून लोकरीचा मोजा काढला आणि टेबलावर उपडा केला. आतून त्याच्या बंदुकीचा बोल्ट निघाला, म्हणजे गोळी आत ढकलून नळी बंद करणारा पोलादी दांडा. तेल लावून पुसलेला.

"हा घे," तो म्हणाला. "याच्याशिवाय ती नुसती काठी. काठी माझ्या कपाटात राहू दे. ती पोलिसांत द्यायला लावू नकोस. इतकी वर्षं बरोबर होती."

"अट वेगळी लिहिलीय मी."

"अट बदल. तुझंच मृत्युपत्र आहे ना?"

मी म्हणाले, बदलते. मग तो म्हणाला, "आणि गिटार मेल्यावर कशाला देतेस? आत्ता दे. म्हणजे तू ऐकशील तरी."

मी त्याला पेटी कुठे आहे ते सांगितले, त्याने ती चाचपडत आणली. पट्टा गळ्यात घातला आणि खांदा खाली गेला. "आई गं. हे वजन घेऊन तू रात्र-रात्र उभी राहायचीस?"

"टाचांच्या बुटांत."

"या नऊच्या तारा काढू का?"

त्या मी लावल्या होत्या आणि त्या निघाल्या की माझी बोटे त्या गिटारवर परत चालणार नव्हती. मग म्हणाले, "काढ. अकराच्या पेटीच्या कप्प्यात आहेत."

त्याने टेबलाशी बसून एकेक तार बोटांनी शोधत काढली आणि एकेक लावली. दोनदा खुंटी चुकला. मी मदत केली नाही, त्यालाही ती नको होती. मग त्याने आमचा जुना टँगो वाजवला. दुसऱ्या कडव्यात जिथे तो पहिल्यापासून चुकायचा तिथेच चुकला. यानिका दारात सुई घेऊन उभी राहिली आणि आपल्याला उशीर होतोय हे विसरली. रेइनो हवा होता, असे मला फार वाटले. आणि आता मीही नसणार, असे वाटले. या दोन्ही गोष्टी मी इथे लिहिते, कारण कुठेतरी लिहायला हव्यात.

सबब, कलम ६ मधील देणे मी रद्द करते. गिटार मी आज, जिवंतपणी, काउकोला देऊन टाकली आहे. तिच्यावर नीनाचा किंवा कोणाचाही हक्क उरलेला नाही. या मृत्युपत्रान्वये काउकोला काहीही मिळत नाही. हे मी त्याला समजावून सांगितले, कारण ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही आणि मला यानिकाशिवाय आणखी एक साक्षीदार हवा होता.

"म्हणजे मला आता काही मिळणार नाही," तो म्हणाला.

"काही नाही."

"मग मी आहे की."

कलम ९. काउकोच्या बंदुकीचा बोल्ट माझ्या ताब्यात आहे. तो आजच तेइयाकडे जाईल. यानिका गावातून जाता जाता तो देणार आहे, कशाचा आहे हे तेइयाला काउको स्वतः फोनवर सांगणार आहे. तेइयाने तो आपल्या कपाटात कुलुपात ठेवावा. काउकोने मागितला तरी देऊ नये. तो मागेल. पहिल्या थंड सकाळी, कुत्री भुंकायला लागली की नक्की मागेल, आणि त्याच्याजवळ फार पटण्यासारखे कारण असेल. तो रागावून बोलला तरी देऊ नये, रडला तरी देऊ नये. नंतर तेइयाने बोल्ट पोलिसांत द्यावा की तळ्यात टाकावा हे तिने ठरवावे.

हे कलम मी काउकोच्या समोर लिहून त्याला मोठ्याने वाचून दाखवले. तो म्हणाला, "बरोबर आहे. 'रडला तरी' हे आणखी एकदा लिही."

रडला तरी देऊ नये.

हंगामाच्या दिवसांत तेइयाने किंवा ओस्मोने त्याला सकाळी धक्क्यावरून घेऊन जावे आणि संध्याकाळी पोचवावे. बंदूक नसलेला माणूस टोळीत कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर द्यायला मी नसेन. तेइया, तू दे.

कलम १०. माझ्या दफनाच्या वेळी काउकोला काही वाजवायला सांगू नये. त्याला वाटले तर तो वाजवेल.

वरील सर्व मी शुद्धीत, माझ्या मर्जीने, एका बैठकीत नव्हे तर तीन दिवसांत, दोन्ही साक्षीदार समोर हजर असताना कायम करून खाली सही करत आहे.

हौकिवारा, १९ सप्टेंबर २०२४

(सही) हिल्का वाराला

आम्ही दोघे, या मृत्युपत्राखाली काहीही न मिळणारे, एकाच वेळी हजर होतो. हिल्का वाराला यांनी आमच्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि आम्हा दोघांना सूचना देत होत्या.

(सही) यानिका होल्मा, परिचारिका

(सही) काउको सोर्मुनेन, निवृत्त लाकूडतोड्या

यानिका होल्मा हिच्या हस्ताक्षरात, समासात: काउको यांनी सही करताना जागा कुठे आहे असे विचारले. हिल्काबाईंनी त्यांचे बोट धरून रेघेवर ठेवले आणि सही होईपर्यंत सोडले नाही. सही रेघेच्या बरीच खाली गेली आहे. ती त्यांचीच आहे.